घरच्या फाइल सर्व्हरचं हार्डवेअर: खरेदीची सुरुवात डिस्कपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात तीन लॅपटॉप आणि चार फोन. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं मिळून ३ टीबी डेटा, आणि दरवर्षी त्यात साधारण अर्धा टीबी भर. सहाव्या पिढीचा कोअर आय५ आणि ८ जीबी रॅम असलेला जुना डेस्कटॉप पडून आहे. तोच वापरावा, इंटेलच्या कमी वीज खाणाऱ्या एन१०० प्रोसेसरचा नवा बोर्ड घ्यावा, की रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर भागवावं? रॅम ३२ जीबी करावी का? चार डिस्क घेऊन रेड ५ (डेटा सगळ्या डिस्कवर वाटून, एक मेली तरी तो टिकवणारी मांडणी) करावं का?

आधी उत्तर, मग कारणं. जुना डेस्कटॉप वापरा. त्यात ८ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून लावा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील. तिसरी ८ टीबीची डिस्क यूएसबीच्या बाहेरच्या डब्यात बॅकअपसाठी घ्या आणि उरलेल्या पैशांतून यूपीएस घ्या. प्रोसेसर, रॅम, कॅशसाठीची एसएसडी यांवर सध्या काहीच खर्च करू नका. तुमच्या यादीत प्रोसेसर सगळ्यात वर आहे, डिस्कचं नाव शेवटी येतं आणि बॅकअपचं येतच नाही. फाइल सर्व्हरची यादी नेमकी उलटी लिहायला हवी.

वेगाची कमाल मर्यादा नेटवर्क ठरवतं, हे एकदा पक्कं झालं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गिगाबिट लॅन म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. प्रोटोकॉलचा भार वजा जाता एसएमबी शेअरवर (नेटवर्कवरून उघडलेल्या फोल्डरवर) मोठी फाइल ११० ते ११५ एमबीने जाते. आजची साडेतीन इंची डिस्क एकटीच सलग वाचताना तेवढा किंवा त्याहून जास्त वेग देते. बाहेरच्या ट्रॅकवर तर २०० च्या पुढे जाते. म्हणजे एका डिस्कने गिगाबिटची वाट भरून जाते. चार डिस्क जोडून वेग चौपट केलात तरी तो दाराबाहेर पडणार नाही. अडीच गिगाबिटचं नेटवर्क केलं तर मर्यादा २८० एमबीच्या आसपास जाते. त्यासाठी स्विच, सर्व्हर आणि लॅपटॉप या तिन्हींकडे अडीच गिगाबिटचे पोर्ट लागतात. तुमचे लॅपटॉप वायफायवर असतील तर प्रत्यक्षात ३० ते ६० एमबी मिळतील, तेव्हा सर्व्हरला अडीच गिगाबिटचं कार्ड लावून काहीच फरक पडणार नाही. सर्व्हर मात्र तारेनेच राउटरला जोडा, तो वायफायवर ठेवू नका.

कॅट ५ई केबल गिगाबिटला आणि अडीच गिगाबिटलाही १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे घरात टाकलेली चांगली केबल उपटायची गरज नाही. पण एक दुखणं फार वेळा दिसतं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी तार क्रिंप करताना नीट बसली नाही तर जोडणी तुटत नाही, ती गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते आणि कॉपीचा वेग ११ एमबीवर अडकतो. तुमचा ३ टीबी डेटा ११० एमबीने साडेसात तासांत चढेल. ११ एमबीने तीन दिवसांहून जास्त लागतील. वेग ११ च्या आसपास ठाण मांडून बसला असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन चालवून पाहा: त्यात ९४० मेगाबिट दिसले तर नेटवर्क ठीक आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे.

हजारो लहान फोटो कॉपी करताना वेग १०–२० एमबीवर येतो, तो दोष नाही. प्रत्येक फाइलमागे उघडणं, लिहिणं, बंद करणं अशी देवाणघेवाण होते, आणि फिरत्या डिस्कचं हेड सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळाच जागा बदलू शकतं. महागडा प्रोसेसर घेऊन हे सुधारत नाही.

डिस्क

खरा विचार इथे करायचा. साडेतीन इंची डिस्क दोन प्रकारांनी लिहितात. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, तसंच एक ट्रॅक बदलायला पुढचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डिस्क हे काम लपवण्यासाठी आधी एका राखीव सीएमआर भागात लिहून घेते आणि निवांत वेळी मागे जाऊन आवरते. रोजच्या हलक्या वापरात काही कळत नाही. मिररमधली एक डिस्क मेली आणि तिच्या जागी एसएमआर डिस्क लावली, की मात्र तासन्‌तास सलग लिखाण सुरू होतं, राखीव भाग भरतो आणि वेग काही एमबीपर्यंत कोसळतो. डिस्क इतका वेळ गप्प राहते की झेडएफएससारखी (डिस्कवर डेटा मांडणारी आणि मिरर सांभाळणारी) प्रणाली तिला खराब समजून बाहेरही काढू शकते. नेमकं जेव्हा तिच्यावर सगळा भरवसा असतो तेव्हाच ती दगा देते.

२०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (लाल) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि तसा उल्लेख तोवर कुठे केलेला नव्हता. पुढे कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि तोशिबाच्या एन३०० मालिका सीएमआर आहेत. सीगेटच्या बाराकुडा मालिकेत साडेतीन इंचीतही बऱ्याच क्षमता एसएमआर आहेत, आणि अडीच इंची डिस्क १ टीबीच्या वर गेली की बहुतेक एसएमआरच असते. पेटीवरच्या मालिकेच्या नावावर विसंबू नका. पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि निर्मात्याच्या यादीत तो कोणत्या प्रकारात आहे ते पाहा. बाहेरच्या बॅकअप डिस्कसाठी एसएमआर चालते, कारण तिथे रात्री आरामात लिखाण होतं आणि घाई नसते. म्हणजे तिसऱ्या डिस्कवर थोडी बचत करता येईल, पहिल्या दोघींवर नाही.

नॅससाठीच्या, म्हणजे फाइल सर्व्हरसाठी बनवलेल्या, डिस्कचा दुसरा गुण म्हणजे चूक आली तर ती लवकर मान्य करणं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न मिनिटभरसुद्धा करत राहते. ती एकटी असेल तर ते योग्यच, कारण दुसरीकडे प्रत नसते. मिररमध्ये प्रत शेजारीच असते, म्हणून डिस्कने ७ सेकंदांत हात वर करावेत हे बरं. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहून डिस्कची जोडणी रीसेट करतो, आणि मग एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाद ठरू शकते. नॅस डिस्कमध्ये ही मर्यादा आधीच बसवलेली असते. काही डेस्कटॉप डिस्कमध्ये ती स्मार्टसीटीएल ही लिनक्सची आज्ञा वापरून लावता येते, पण वीज गेली की पुसली जाते, म्हणून दर वेळी सुरू होताना पुन्हा लावावी लागते.

बाहेरचा डबा फोडून त्यातल्या डिस्क सर्व्हरच्या आत लावायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत हवी. त्यातल्या अनेक डिस्क साध्या एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) जोडल्यावर फिरतच नाहीत. साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नव्या प्रमाणानुसार 'बंद राहा' असा अर्थ आहे, आणि जुना एसएमपीएस तिथे कायम ३.३ व्होल्ट देत असतो. डिस्क मेलेली नसते. डिस्कच्या बाजूच्या त्या पिनवर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपची अरुंद पट्टी लावली की ती फिरू लागते. मात्र डबा फोडला की हमी अनेकदा जाते, ते आधी वाचून घ्या.

दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच पेटीतून घेऊ नका. एकाच खेपेतल्या, सारखेच तास फिरलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी आजारी पडण्याची शक्यता जास्त असते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या तरी चालेल; मिररची क्षमता दोघींतल्या लहान डिस्कएवढी होईल, एवढंच. आणि ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ७.२८ दिसली तर घाबरू नका: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

चार डिस्कचं रेड ५ का नको? ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये १२ टीबी देतील, तर ८ टीबीच्या दोन मिररमध्ये ८. तुमच्याकडे ३ टीबी आहेत आणि वर्षाला अर्धा वाढतो. डिस्क ८० टक्क्यांपर्यंतच भरायची असं धरलं तरी सहा वर्षं निघतात. वरच्या ४ टीबीसाठी दोन डिस्क जास्तीच्या फिरवत ठेवायच्या, दोन पोर्ट, दोन पॉवर कनेक्टर आणि जास्तीची उष्णता सांभाळायची, हे पटत नाही. मिररची सगळ्यात मोठी सोय संकटात कळते. मदरबोर्ड जळाला तरी एकच डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावा, सगळा डेटा तिच्यावर पूर्ण असतो. रेड ५ मध्ये चारपैकी निदान तीन डिस्क एकत्र चालू लागतात. शिवाय जागा वाढवायची झाली तर मिररमधली एक डिस्क मोठी लावायची, नक्कल पूर्ण होऊ द्यायची, मग दुसरी बदलायची. ८ टीबी पूर्ण भरलेली असेल तर सरासरी १८० एमबीच्या वेगाने नक्कल व्हायला बारा-साडेबारा तास लागतात. बीटीआरएफएस ही लिनक्सची फाइलप्रणाली वापरणार असाल तर त्याचा मिरर ठीक आहे. त्याचे रेड ५ आणि ६ त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांतच टाळायला सांगितले आहेत.

मिरर म्हणजे बॅकअप नाही. कोणी चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे कुलूपबंद होतात. मिरर फक्त एवढंच करतो, की डिस्क मेली त्या दिवशी काम थांबत नाही. म्हणून तिसरी डिस्क ही ऐनवेळची चैन नाही, ती पहिल्या खरेदीतच यायला हवी. पैसे दोनच डिस्कचे असतील तर मिरर करू नका: एक डिस्क सर्व्हरमध्ये लावा आणि दुसरी बॅकअपला ठेवा. यात घासाघीस करू नका.

मशीन

फाइली वाटायला प्रोसेसर फार लागत नाही. सांबा हे फाइली वाटणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस चालवतं, त्यामुळे एका लॅपटॉपचा वेग एका कोअरच्या ताकदीवर ठरतो. आठ कोअर असले तरी एकाच कॉपीला त्यांचा उपयोग नसतो. सहाव्या पिढीच्या आय५चा एक कोअर गिगाबिट भरून उरतो. डिस्क एन्क्रिप्ट करणार असाल तर एईएस-एनआय हा एन्क्रिप्शन वेगाने करणारा सूचनासंच असलेला प्रोसेसर हवा, आणि या आय५मध्ये तो आहे. सेलेरॉन जे१९०० सारख्या जुन्या चिपमध्ये तो नाही आणि रास्पबेरी पाय ४ मध्ये एआरएम प्रोसेसरचा तसाच संचही नाही. पाय ५ मध्ये आहे. व्हिडिओचं रूपांतर सर्व्हरनेच करून टीव्हीला द्यायचं असेल तर मात्र पिढीचा फरक पडतो. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये (प्रोसेसरमधल्या व्हिडिओ रूपांतराच्या सोयीत) १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकाराची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे. ही गरज असेल तरच एन१०० कडे बघा.

एन१०० चार कोअरचा, ६ वॉटचा प्रोसेसर आहे आणि डिस्क सोडून अख्खं मशीन रिकामं असताना १० वॉटच्या आसपास घेतं. जुना आय५ डेस्कटॉप त्याच अवस्थेत साधारण २० ते २५ वॉट घेईल. प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेले असतात ते पूर्ण भाराचे. फाइल सर्व्हर दिवसाचे बावीस तास रिकामाच असतो. हिशोब सोपा आहे: १ वॉट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. १२ वॉटचा फरक वर्षाला शंभर-सव्वाशे युनिटांचा होतो. तुमच्या दराने गुणा आणि नव्या बोर्डाची किंमत किती वर्षांत फिटते ते पाहा. तोवर जुनं मशीन चालवलं तर काही बिघडत नाही, कारण डिस्क पुढे नव्या मशीनमध्ये जशाच्या तशा नेता येतात.

एन१००ची मर्यादा लेनची आहे. त्याला पीसीआयई ३.० च्या, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमधल्या डेटाच्या वाटांच्या, फक्त ९ लेन मिळतात. सहा साटा पोर्ट, एसएसडीच्या दोन एम.२ जागा आणि चार नेटवर्क पोर्ट एकाच बोर्डावर दिसले की ते सगळे याच नऊंतून भागवलेले असतात. रॅमही एकाच चॅनेलची, आणि इंटेलच्या म्हणण्यानुसार १६ जीबीपर्यंत. घरच्या कामाला हे सगळं चालतं. असे बोर्ड घेताना बायोसच्या (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) नव्या आवृत्त्या निर्माता देतो का, एवढं बघून घ्या.

रास्पबेरी पाय मुख्य सर्व्हर म्हणून नको. पाय ४ पासून खरा गिगाबिट पोर्ट आहे, वेगाची तक्रार नाही. अडचण डिस्क जोडण्याची आहे. यूएसबीतून जोडलेल्या डिस्कमध्ये मध्ये यूएसबीचं साटात रूपांतर करणारी एक ब्रिज चिप येते. भार वाढला की काही चिप रीसेट होतात, काही स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींची) माहिती पुढे पाठवत नाहीत, आणि दोन-चार डिस्कच्या काही डब्यांत सगळ्या डिस्क एकच अनुक्रमांक सांगतात, मग मिररला कोण कोणती हेच कळत नाही. मिररमधल्या डिस्क नेहमी साटावरच असाव्यात. पाय मात्र दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवून रात्रीचा बॅकअप घ्यायला उत्तम आहे.

जुन्या डेस्कटॉपमध्ये आता तीन गोष्टी तपासा. पहिली, बायोसमधला साटा मोड. काही ऑफिस डेस्कटॉपमध्ये तो रेडवर ठेवलेला असतो. तो एएचसीआयवर आणा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाहीत. दुसरी, साटा पोर्ट. अनेक मदरबोर्डवर एम.२ मध्ये कार्ड लावलं की एक किंवा दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि कोणते ते फक्त मॅन्युअलमधल्या बारीक तक्त्यात असतं. 'डिस्क दिसत नाही' अशा तक्रारींचं मूळ अनेकदा इथेच असतं. पोर्ट कमी पडलेच तर एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिपचं कार्ड घ्या. दहा-बारा पोर्टच्या स्वस्त कार्डांवर बहुधा पोर्ट मल्टिप्लायर असतो: एकाच जोडणीच्या फांद्या केलेल्या असतात, आणि एक डिस्क अडखळली की शेजारच्याही लटकतात. एलएसआय कंपनीची वापरलेली एचबीए कार्डं (सर्व्हरमध्ये डिस्क जोडायची कार्डं) मजबूत असतात, पण ती सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली आहेत. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर पंखा लावावाच लागतो, आणि रिकामी असतानाही ती ८–१० वॉट खातात. दोन डिस्कसाठी त्यांची गरज नाही.

तिसरी गोष्ट एसएमपीएस आणि त्याच्या तारा, आणि इथे जरा थांबू या. साडेतीन इंची डिस्क फिरताना ५–९ वॉट घेते, पण सुरू होतानाच्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. दोन डिस्कना कुठलाही धडका ३०० वॉटचा एसएमपीएस पुरतो. ६५० वॉटचा घेतला तर उलट ३० वॉटच्या भारावर तो अकार्यक्षम चालेल. घोळ होतो तो स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका कनेक्टरच्या अनेक फांद्या करणाऱ्या तारेत. एका साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. त्यावर दोन डिस्कचा स्प्लिटर चालतो. चार डिस्कचा लावला तर सुरू होताना आठ अँपिअर त्याच तीन पिनांतून जातात, आणि काही महिन्यांनी प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं. छोट्या आकाराच्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये डिस्कची वीज बऱ्याचदा एसएमपीएसऐवजी मदरबोर्डवरून येते. तिथे तर अजिबात फांद्या काढू नका.

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारी तार घ्यायची वेळ आली तर तिचा साटा टोकाचा कनेक्टर हातात घेऊन नीट पाहा. एका प्रकारात तारांवर प्लास्टिक एकजीव ओतलेलं असतं, मागे झाकण नसतं, कडा गुळगुळीत असतात. आत तारा किंचित सरकून एकमेकींजवळ आलेल्या असल्या तरी बाहेरून दिसत नाही. तिथेच गळती सुरू होऊन कनेक्टर पेटतो. दुसऱ्या प्रकारात मागे उघडणारं झाकण असतं आणि तार पातीत दाबून बसवलेली दिसते. दुसरा घ्या, पहिला फुकट मिळाला तरी वापरू नका.

रॅम ८ जीबी पुरे. झेडएफएसला दर टीबीमागे १ जीबी लागते हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे, पण दोन-तीन माणसांच्या घरी तो लागू होत नाही. झेडएफएस मोकळी रॅम कॅश म्हणून वापरतो, कमी असली तर कमी वापरतो. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवायची सोय) तेवढं चालू करू नका, ते खरंच रॅम खातं. सोबत फोटो ओळखणारं किंवा व्हिडिओचं सॉफ्टवेअर चालवणार असाल तर १६ करा. कॅशसाठी वेगळी एसएसडी लावू नका. नेटवर्कच अडवतंय तिथे ती काय करणार?

ईसीसी (स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी) रॅम असेल तर चांगलंच, कारण रॅममधली चुकलेली बिट डिस्कवर बिनबोभाट लिहिली जाते आणि नंतर कोणालाच कळत नाही. पण तुमचा आय५ ईसीसी चालवत नाही. फक्त त्यासाठी नवं मशीन घ्यावं असं नाही, बॅकअप आधी. नवं घेणारच असाल तर प्रोसेसर, बोर्ड आणि बायोस तिघांचाही पाठिंबा आहे का ते बघा. डीडीआर५ च्या जाहिरातीतली आतली ईसीसी वेगळी: ती चिपच्या आतल्या चुका सुधारते, रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम छोट्या साटा एसएसडीवर टाका, जुनी १२० जीबीची असली तरी चालेल. पेनड्राइव्हवर नको: लॉगचं सततचं लिखाण त्याला काही महिन्यांत संपवतं. ट्रूनॅस ही फाइल सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम बूटसाठी अख्खी डिस्क घेते, हे लक्षात ठेवून पोर्ट मोजा.

कॅबिनेटमध्ये डिस्कच्या अगदी समोर १२० मिमीचा पंखा हवा. मिनिटाला ७००–९०० फेऱ्यांवर तो ऐकू येत नाही आणि डिस्क ३५–४० अंशांवर राहतात. ४५ च्या वर सतत राहत असतील तर हवा अडते आहे. ५० गाठू देऊ नका. दोन डिस्क एकमेकींना चिकटून असतील आणि मध्ये एक खण मोकळा ठेवता येत असेल तर ठेवा. दर दहा मिनिटांनी डिस्क थांबवायची सेटिंग बंद करा. वाचणारे वॉट थोडे, आणि फोनचा बॅकअप सुरू झाला की ती पुन्हा फिरणार. थांबवायचीच तर तासाभराच्या वर वेळ ठेवा.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरेल. सर्व्हर, राउटर, स्विच मिळून भार ६०–७० वॉट होईल. त्याला यूएसबी पोर्ट हवा, म्हणजे एनयूटी हे सॉफ्टवेअर बॅटरी उतरायच्या आधी सर्व्हर नीट बंद करेल. नुसती बॅटरी असून आणि ती संपल्यावर मशीन धाडकन बंद होऊन काय उपयोग? बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा. ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर टिकत नाहीत आणि वीज जाताच मशीन बंद पडतं. म्हणून डेटा टाकण्याआधी, मशीन चालू असताना यूपीएसचा भिंतीतला प्लग उपसून पाहा. बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागेल.

डेटा टाकण्याआधीची तपासणी

जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (बायोसच्या सेटिंग जपणारा) आधी बदला, मग रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा. एकही चूक आली तर ती रॅम काढा. 'एकच तर आहे' म्हणून सोडू नका.

डिस्क नवी असली तरी लिहून-वाचून तपासा. बॅडब्लॉक्स या लिनक्सच्या साधनाची लिखाणाची चाचणी चार नमुने लिहिते आणि प्रत्येक वाचते, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. ८ टीबीला चार दिवस लागतात. दोन्ही डिस्क एकाच वेळी लावा. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा नाव दोनदा वाचूनच एंटर दाबा. आधी आणि नंतर स्मार्टच्या चार क्रमांकांच्या नोंदींचे आकडे लिहून ठेवा: ५, १९७, १९८ (हे तिन्ही खराब सेक्टरचे) आणि १९९. नव्या डिस्कवर पहिल्या तीनपैकी एकही शून्याच्या वर गेला तर ती लगेच परत करा, हमी चालू असतानाच. १९९ वेगळा आहे, तो केबलवरच्या चुका मोजतो. तो वाढला तर डिस्क चांगली आहे आणि साटा केबल सैल किंवा खराब आहे. खटक्याची, पक्की बसणारी केबल लावा. केबल बदलल्यावर तो आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे माहीत नसल्याने चांगल्या डिस्क फेकल्या जातात.

शेवटी प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला पांढऱ्या टेपवर अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं लिहून लावा. मूळ लेबल वरच्या बाजूला असतं आणि खणात बसवल्यावर दिसत नाही. दोनपैकी एक डिस्क मेल्याचा संदेश येतो तेव्हा त्यात अनुक्रमांक असतो, आणि त्या वेळी चुकून चांगली डिस्क ओढून काढली तर चालू सर्व्हरवरची शेवटची प्रत हातात येते. टेप लावून झाली की बाहेरच्या डब्यातल्या डिस्कवर पहिला बॅकअप घ्या, त्यातला एक फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवर परत उतरवून फोटो उघडतात का ते बघा, आणि मगच लॅपटॉपवरच्या मूळ प्रती पुसायला घ्या.